जिल्ह्याच्या कर्करोग डे केअरचं दार लहान मुलांना बंद का? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लहान मुलांना जिल्ह्यातच उपचार मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेला मराठवाड्यातला माणूस. माझी नात सहा वर्षांची आहे. चौथं संपत आलं असताना तिला रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर त्याला ए.एल.एल. म्हणतात. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, आणि उपचार शेवटपर्यंत झाले तर बहुतेक मुलं ज्यातून बरी होतात तोही हाच. तिचे उपचार परळला टाटा रुग्णालयात सुरू झाले. सुरुवातीचे कठीण महिने तिने काढले. आता ती 'मेंटेनन्स'वर आहे, म्हणजे घरी राहून गोळ्या, ठरल्या वेळी रक्त तपासणी आणि अधूनमधून इंजेक्शन.

आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात केमोथेरपीचं डे केअर, म्हणजे भरती न होता केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायची सोय, सुरू झाल्याची बातमी गेल्या महिन्यात पेपरात आली. फीत कापतानाचा फोटोही होता. दुसऱ्याच दिवशी मी आणि सूनबाई नातीची फाईल घेऊन तिथे गेलो. खोली चांगली आहे, खुर्च्या नव्या आहेत, एसी चालू होता. सिस्टरने फाईल पानन् पान उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "बाबा, इथं लहान लेकरांचं होत नाही. मोठ्या माणसांचंच होतं. तसा आदेश आहे."

"आदेश बघायला मिळेल का?"

"लेखी नाही, तोंडी आहे."

आमच्या खात्यात तोंडी आदेशावर मी कधी कुणाला गाडीतून उतरवलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्या सिस्टरला नोटीस जाईल, आणि धोरण जिथल्या तिथे राहील.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं होतं की तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं होतील, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. आपल्या मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये तीन स्तरांवर कर्करोग उपचार देण्याचं धोरण मंजूर केलं. वाचून बरं वाटलं होतं. पण जिल्ह्यात रुग्ण म्हणून लहान मूलही येऊ शकतं, याचा विचार त्यात कुठे झालाय ते मला समजलेलं नाही.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही, त्यांना हे उपचार कसे चालतात याची कल्पना नसते. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ए.एल.एल.चे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. पहिले सहा-आठ महिने जोराचे. त्या काळात मुंबईलाच राहावं लागतं आणि राहायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. स्टिरॉइड चालू असताना पोरगी रात्री दोनला उठून वरणभात मागायची आणि कालवून होईपर्यंत रडून घर डोक्यावर घ्यायची. चेहरा सुजून ओळखू येईनासा झाला होता. व्हिनक्रिस्टिन या केमोच्या इंजेक्शनमुळे काही दिवस पाऊल घासत चालायची. हे सगळं डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे भीती वाटली तरी समजत होतं.

त्यानंतरचं दीड-दोन वर्षांचं मेंटेनन्स मात्र घरात चालतं. सूनबाई रोज रात्री जेवणं झाल्यावर ६-एमपी या केमोच्या औषधाची ५० मिलिग्रॅमची गोळी स्टीलच्या ताटलीत ठेवून ब्लेडने कापतात. नातीच्या वजनाला अख्खी गोळी बसत नाही. एक दिवस अर्धी, दुसऱ्या दिवशी पाऊण. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आहे, त्याच चौकटीत "अर्धी", "पाऊण" असं लिहिलेलं असतं. गोळीचा चुरा झाला की डोस किती गेला याचा अंदाजच. रविवारी मेथोट्रेक्सेट. ती गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिली तर जिवावर बेतते, म्हणून त्या पाकिटावर लाल रिबीन बांधलेली आहे. दर महिन्याला शिरेतून व्हिनक्रिस्टिनचं एक इंजेक्शन आणि पाच दिवस स्टिरॉइड. तीन महिन्यांनी पाठीतलं इंजेक्शन. मध्ये काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, बघायला सीबीसी ही रक्त तपासणी. काउंट खाली आले तर गोळ्या थांबवायच्या, वर गेले तर डोस वाढवायचा, आणि हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

यातलं पाठीतलं इंजेक्शन मुंबईलाच व्हावं. तिथे चूक चालत नाही. व्हिनक्रिस्टिन चुकून पाठीत गेलं तर माणूस वाचत नाही, आणि शिरेबाहेर सांडलं तर हात जळतो. त्यामुळे जिल्ह्यातले डॉक्टर लहान मुलाला हात लावायला धजत नाहीत, ते मला पटतं. पण मग त्यांना शिकवायचं कुणी? शिरेतलं ते इंजेक्शन द्यायला काही मिनिटं लागतात. त्या काही मिनिटांसाठी आम्ही रात्रीची देवगिरी पकडतो, पहाटे दादरला उतरतो, परळला रांगेत बसतो आणि संध्याकाळी परतीच्या गाडीचं बघतो. काउंट कमी असलेल्या, मास्क लावलेल्या मुलीला घेऊन.

आता माझ्या तक्रारी.

डे केअरची वर लिहिलीच. तिच्याहून मोठी तक्रार तापाची आहे. १००.४ हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. केमोमुळे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, उतरलेल्या असतात, साधा जंतूसुद्धा रक्तात पसरतो. म्हणून ताप त्या आकड्यावर गेला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे, असं मुंबईच्या डॉक्टरांनी फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून दिलेलं आहे. पावसाळ्यात एका रात्री ताप आला. जवळच्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे आधी केसपेपरची रांग. मग ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि सकाळी ओपीडीत बालरोगतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. सूनबाई फाईलचं पहिलं पान पुढे करत होत्या. डॉक्टर म्हणाले, "ही टाटाची केस आहे, आम्ही हात लावत नाही, मुंबईला न्या." रात्री मुंबईला कसं न्यायचं हे त्यांनाही माहीत नसावं. शेवटी गावातल्या एका खासगी बालरोगतज्ज्ञांनी दार उघडलं, फाईलवरच्या नंबरवर फोन करून विचारलं आणि सलाईन लावलं. फोनवर विचारून एक खासगी डॉक्टर जे करू शकतो, ते सरकारी रुग्णालयात का होऊ नये? त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही. ताप आलेलं केमोवरचं मूल आलं तर काय करायचं, याचा एका ओळीचा लेखी आदेशही त्यांच्या टेबलावर नव्हता.

औषधांचं म्हणाल तर ६-एमपी जिल्ह्यात हमखास मिळेल असं नाही. मुंबईहून येताना पुढच्या महिन्यांचा साठा आणायचा. लहान मुलांसाठी या औषधाचं पातळ रूप खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्राने एका भारतीय कंपनीबरोबर तयार केलं आहे. आपल्याच राज्यातल्या संस्थेचं ते काम. डोस मिलिलिटरमध्ये मोजून देता येतो, ब्लेड लागत नाही. ते सरकारी औषध भांडारात का नाही?

पैशाबद्दल लिहिताना आधी श्रेय द्यायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नसती तर आम्ही उभेच राहिलो नसतो. रुग्णालयातल्या केमोचा मोठा खर्च योजनेतून झाला. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांची मर्यादा झाली हेही चांगलंच. पण योजना रुग्णालयाच्या दारात संपते. मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, रिक्षा-टॅक्सीचं काय, बाहेरून केलेल्या सीबीसीचं काय? सेंट ज्यूडची घरं, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, यांनी किती लोकांना निवारा दिला असेल याची गणती नाही. आम्हालाही यातल्याच एका दारात जागा मिळाली. पण जागा असतात तेवढ्याच. चव्वेचाळीस सीटच्या गाडीत सत्तर माणसं कशी घ्यायची ते मला ठाऊक आहे, लेकरांच्या खोल्यांत तसं करता येत नाही. ज्यांना खोली मिळत नाही ते रुग्णालयाबाहेर फूटपाथवर चादर टाकतात. काउंट शून्याकडे गेलेलं मूल परळच्या फूटपाथवर झोपलेलं मी पाहिलेलं आहे.

रेल्वेची सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे, मी स्वतः अशी तिकिटं फाडली आहेत. तेव्हा समोरच्या माणसाचा दाखला आणि शिक्का तेवढा बघायचो. घरी आल्यावर तो माणूस काय करत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

माझा मुलगा एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता. रजा मागून मागून शेवटी त्याला "उद्यापासून येऊ नका" झालं. त्यात कंपनीने नियम मोडला असंही नाही, कारण मोडायला नियमच नाही. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची. ती असायलाच हवी. पण शेतमजूर बाईला, हमालाला, कंत्राटी कामगाराला मूल आजारी पडलं म्हणून काय मिळतं? आमचं घर आता माझ्या ईपीएस-९५ च्या पेन्शनवर आणि सूनबाईंच्या शिलाई मशीनवर चालतं. ती पेन्शन किती असते ते आपण जाणताच. ग्रॅच्युइटी कुठे गेली ते वेगळं सांगायला नको.

क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये थेट बँकेत मिळतात. लांबणारे उपचार मध्येच सुटू नयेत आणि पोटात अन्न जावं, हाच त्यामागचा विचार. मुलांच्या रक्ताच्या या कर्करोगाचे उपचार तर दोन वर्षांहून जास्त चालतात. मग तोच विचार इथे का लागू होत नाही?

रक्ताचंही एक सांगतो. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. आणून साठवून ठेवता येत नाहीत. लागल्या की त्याच दिवशी लागतात, आणि तेव्हा सोय नसेल तर माणूस व्हॉट्सॲपवर भीक मागत बसतो.

शाळेचं दुखणं निराळंच. नात पहिलीला जायची म्हणून आम्ही एका शाळेत गेलो, तर "संसर्गजन्य आजार नाही" असा दाखला आणा म्हणाले. कर्करोग लागत नाही, हे शिक्षकांना सांगायची वेळ आली. उलट बाकीच्या मुलांकडूनच तिला धोका असतो. कांजिण्या किंवा गोवर आलेलं मूल शेजारी बसलं तर हिच्या जिवावर येऊ शकतं, कारण केमो चालू असताना गोवराची लसही देता येत नाही. त्यामुळे आम्हाला शाळेकडून एकच गोष्ट हवी होती: वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन करा. ते करायला मुख्याध्यापक लगेच तयार झाले. दाखल्याचा विषय मात्र फाईलमध्येच राहिला. केस परत आलेत. आता ती रोज वेणीच घालायला सांगते, दोन इंचाच्या केसांची.

आणि शेवटची तक्रार, खरं तर सगळ्यात आधी घडलेली. आजार कळायलाच उशीर झाला. ताप येत-जात होता, पोरगी पांढुरकी पडली होती, पायावर निळे डाग होते, रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. कधी टायफॉइड, कधी अशक्तपणा असं समजून औषधं चालली. एका ठिकाणी ताप हटेना म्हणून स्टिरॉइडही दिलं गेलं. रक्ताच्या कर्करोगात निदानाआधी स्टिरॉइड दिलं तर आजार तात्पुरता दबतो आणि निदान आणखी लांबतं, हे पुढे मुंबईत कळलं. एक सीबीसी वेळेवर झाली असती तर संशय आला असता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. त्यांना एवढी चार लक्षणं शिकवायला नवीन इमारत लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, बऱ्याच गरीब आणि मध्यम देशांत ३० टक्क्यांहून कमी. कारणंही संघटनेने दिली आहेत: निदान न होणं किंवा उशिरा होणं, उपचारांपर्यंत पोचता न येणं, उपचार अर्धवट सुटणं, औषधांच्या दुष्परिणामांनी मृत्यू, आजार उलटणं. २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट २०१८ मध्ये ठरलं. या कारणांच्या यादीत औषध उपलब्ध नसण्याइतकंच वजन आमच्या गावापासून परळपर्यंतच्या रस्त्याला आहे. टाटातल्या डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. धर्मशाळेतली आमच्या शेजारची एक माय मेंटेनन्सला पोचलेल्या लेकराला घेऊन गावी गेली. शेतीची कामं होती, घरी आणखी दोन मुलं होती, लेकरू बरं दिसत होतं. ती परत आली नाही. तिला अडाणी म्हणणारे बरेच भेटले. तिच्या तालुक्यात ते महिन्याचं इंजेक्शन मिळत असतं तर ती आली नसती असं मला वाटत नाही.

मागण्या अशा:

१. जिल्ह्यातली सगळी कर्करोग डे केअर केंद्रं लहान मुलांसाठी खुली असल्याचा लेखी आदेश काढा. प्रत्येक केंद्रातल्या निदान एका बालरोगतज्ज्ञाला आणि दोन परिचारिकांना मुलांच्या केमोचं प्रशिक्षण द्या. ते होईपर्यंत जिथे सोय नाही तिथे तसं स्पष्ट जाहीर करा, म्हणजे लोक फाईल घेऊन फुकट फिरणार नाहीत.

२. केमोवरच्या मुलाला १००.४ च्या वर ताप असेल तर केसपेपर नंतर, अँटिबायोटिक तासाभरात, दिवस असो की रात्र. हा आदेश प्रत्येक सरकारी कॅज्युअल्टीत भिंतीवर लागावा, आणि पालकांना मराठीतलं एक कार्ड मिळावं, जे दाखवलं की वाद होणार नाही.

३. मेंटेनन्सची औषधं, पातळ ६-एमपीसह, जिल्हा रुग्णालयात मोफत मिळावीत. सीबीसीही तिथेच व्हावी आणि रिपोर्ट मूळ रुग्णालयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दिसावा.

४. उपचार संपेपर्यंत पोषण आणि प्रवासासाठी दरमहा ठरावीक रक्कम पालकाच्या खात्यात जमा व्हावी. किती, ते आपण ठरवा. क्षयरोगाचं उदाहरण समोर आहेच.

५. शालेय शिक्षण विभागाशी बोलून एक परिपत्रक काढा: प्रवेश अडवू नये, हजेरीची अट लावू नये, कांजिण्या-गोवराची खबर पालकांना द्यावी.

६. बाल स्वास्थ्य पथकांना आणि आशाताईंना कर्करोगाच्या लक्षणांचं प्रशिक्षण द्या.

७. राज्यात दरवर्षी किती मुलांचं निदान झालं, किती जणांचे उपचार पूर्ण झाले आणि किती जणांचे मध्येच सुटले, हे जिल्हानिहाय जाहीर करा. नावं नकोत, आकडे हवेत.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा थोडा आणि सही जास्त लागते. एक अडचण मात्र मला दिसते. जिल्हा रुग्णालय आपल्या विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जिथे नवीन महाविद्यालय झालं तिथे जिल्हा रुग्णालयच तिकडे वर्ग झालं. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसते. तेव्हा दोन्ही विभागांनी एकत्र बसून कोणती मागणी कुणाची ते आधी वाटून घ्यावं, ही विनंती.

नातीचं पुढचं शिरेतलं इंजेक्शन येत्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ते जिल्ह्यातच मिळेल का, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर त्याआधी लेखी मिळालं तरी गाडीचं आरक्षण करायचं की नाही ते ठरवता येईल. पत्ता आणि फोन टपालाने पाठवलेल्या प्रतीवर दिला आहे.

कळावे,

आपला,
एक आजोबा, मराठवाडा

प्रत माहितीसाठी:
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग
मा. मंत्री, शालेय शिक्षण विभाग
मराठवाड्यातले सर्व आमदार, पक्ष कोणताही असो